लाकूड धरणारी

आठ खुर्च्या. एका खुर्चीला सोळा खाचा. एका खाचेला, लाकूड कितीही भलं निघालं तरी, तीस घाव.

सूनबाई शाळेत गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायची, पण हा गुणाकार तिला कुणी न विचारताच आला. तीन हजार आठशे चाळीस. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीसाठी आठ खुर्च्या सांगून डॉक्टरीणबाई दुकानाची पायरी उतरल्या. सासूबाई म्हणाल्या, "चला, पावली बाई!" मामंजींनी कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर आठ रेघा मारल्या. आणि सूनबाईच्या पोटात गोळा आला. कारण तीन हजार आठशे चाळीस वेळा मामंजींची पटाशी खाली येणार होती, आणि दर वेळी पटाशीच्या दोन्ही अंगांना सूनबाईची बोटं असणार होती.

ती लाकूड धरायची. तेच तिचं काम होतं.

सुतार म्हटलं की लोकांना रंधा आठवतो, करवत आठवते. धरणारं माणूस कुणाला आठवत नाही. कुणी सुतार पायाच्या अंगठ्यांत लाकूड दाबतो, कुणी त्यावर चक्क बसतो, मोठ्या कारखान्यांत लोखंडी जबडे असतात. मामंजींना यातलं काहीच पटायचं नाही. "लोखंडाच्या तोंडात दिलं की लाकूड मुकं होतं," ते म्हणायचे. "माणसाच्या हातात असलं की बोलतं. आत गाठ कुठे आहे, चीर कुठे पळणार, हे धरणाऱ्याला आधी कळतं आणि मग मला." सूनबाईला आठ वर्षांत कळून चुकलं होतं की हे खरं आहे. तळव्याखाली लाकूड कण्हायचं, कुरकुरायचं, कधी कधी आतल्या आत तड देऊन इशारा द्यायचं. ती नुसतं "थांबा" म्हणायची आणि मामंजी हात वरच्या वर थांबवायचे. समोरच्या गॅरेजवाल्यानं तिचं नाव चिमटावहिनी ठेवलं होतं. तिला त्याचा राग यायचा नाही, उलट जरा अभिमानच वाटायचा.

लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या महिन्यात सासूबाईंनी गुडघ्यांचं कारण सांगून धरणं सोडलं. त्याआधी सव्वीस वर्षं त्याच धरत होत्या. मामंजींनी सूनबाईला बाकापाशी उभं केलं आणि तीन गोष्टी सांगितल्या.

"बोटं रेघेच्या बाहेर. नजर पटाशीच्या टोकावर. आणि मी 'हं' म्हटलं की तू 'हं' म्हणायचं. तू म्हटल्याशिवाय मोगरी पटाशीवर येणार नाही. कितीही घाई असो. कळलं?"

"हं," ती म्हणाली.

"आत्ता नाही गं!"

तेव्हा दोघं हसले होते. हं, हं, ठक. हं, हं, ठक. पुढे रस्त्यावरून जाणाऱ्यांनाही तो ताल पाठ झाला. पंक्चरदादा, म्हणजे तोच गॅरेजवाला, टायर ठोकताना मुद्दाम मधेच ओरडायचा, "हं!" आणि सासूबाई आतून त्याला शिव्या घालायच्या.

सगळं ठीक होतं ते साधारण सहा महिन्यांपूर्वीपर्यंत.

आधी चहा सांडायला लागला. थोडासाच, कपाच्या कानापाशी. मग मामंजींनी कप सोडून मोठा स्टीलचा मग घेतला आणि तो अर्धाच भरायला सांगितला. "जास्त चहानं पित्त होतं," म्हणाले. मग सदऱ्याची बटणं लावायला उशीर व्हायला लागला. मग एके दिवशी सूनबाईनं पाहिलं, की लाकडावर टेकण्याआधी पटाशीचं टोक हवेत बारीक बारीक हलतंय, गवताचं पातं हलतं तसं. मामंजींचा डावा हात. पटाशी धरणारा.

तिनं वर बघितलं. मामंजी तिच्याकडेच बघत होते. दोघांनी नजर खाली वळवली.

त्या दिवसापासून घरात आळीमिळी गुपचिळी. मगाबद्दल कुणी बोलायचं नाही, बटणांबद्दल तर नाहीच. आणि सूनबाईच्या अंगात एक भीती येऊन राहिली, भाडेकरू यावा तशी. ती भाजी चिरताना बोटं आत दुमडायला लागली. दार कुणी जोरात आपटलं की हात आपोआप छातीशी जायचे. अंगठी काढून डब्यात ठेवली, कारण अंगठी दिसली की बोट दिसायचं, आणि बोट दिसलं की ते नसलेलं दिसायचं. संध्याकाळी कुलूप लागलं की ती नळाखाली हात धुताना एकेक बोट मोजायची. दहा. आजही दहा.

खुर्च्यांचं काम सुरू झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी ते घडलं. खुर्चीचा पाय बाकावर आडवा, तिचे दोन्ही हात त्यावर. मामंजींनी पटाशी टेकवली. टोक हललं, सरकलं, पुन्हा रेघेवर आलं. ते म्हणाले, "हं." तिनं श्वास घेतला. तिच्या घशात 'हं' तयार होत होता.

ठक.

तिचा आवाज निघायच्या आधीच मोगरी आली होती.

तिनं खाली बघितलं. पटाशी रेघेच्या बाहेर, लाकडात उभी होती. तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखाचा कोपरा, तांदळाच्या कणीएवढा, लाकडावर पडला होता. रक्त नव्हतं. दुखलंही नाही.

"गाठ होती," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता.

"हो," ती म्हणाली.

गाठ नव्हती. असती तर तिला आधी कळली असती, त्यासाठीच तर ती तिथे उभी होती. तिला दुसरंच काहीतरी कळलं होतं. मामंजी थांबू शकत नव्हते. हात रेघेवर आला की तेवढ्यात, तो पुन्हा हलायच्या आत, घाव घालून टाकायचा, अशी त्यांची आतल्या आत शर्यत लागली होती. तिच्या 'हं'साठी थांबायला त्यांच्याकडे वेळच उरला नव्हता.

तिनं नवऱ्याला फोन केला. तो ट्रकवर असायचा, पंधरा दिवसांनी एकदा घरी.

"अहो, मामंजींचा हात कापतो."

पलीकडे नुसता इंजिनाचा आवाज.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मग बोला की काहीतरी!"

"काय बोलू? दहा वर्षांचा असताना, आई आजारी होती तेव्हा, दोन महिने धरलं होतं मी लाकूड. तेव्हा तर त्यांचा हात दगडासारखा होता. तरी मी अंथरूण ओलं करायचो. ट्रक का धरला असं वाटतं तुला?"

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू छान धरतेस असं सगळे म्हणायचे," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला भीती नसते."

फोन ठेवल्यावर ती सासूबाईंकडे गेली. सासूबाई मागच्या पडवीत खुर्चीच्या पाठीला पॉलिश लावत होत्या. त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरापासून नव्हतं. या बोटाच्या त्यांच्याकडे पन्नास गोष्टी होत्या. एका गिऱ्हाइकाला त्या सांगायच्या, कपाटाच्या दारात सापडलं. दुसऱ्याला सांगायच्या, कुत्रं घेऊन गेलं. शेजारच्या मुलांना सांगायच्या, नाकात घातलं होतं, परत आलंच नाही.

"आई, बोट कशानं गेलं?"

"उंदरानं खाल्लं."

"आई."

सासूबाईंनी मान वर केली, आणि सुनेचा अंगठा बघितला. नखाचा कोपरा बघितला. हातातला बोळा खाली ठेवला.

"लग्नाचं चौथं वर्ष," त्या म्हणाल्या. "खिडकीची चौकट होती. मी हात हलवला, की ह्यांनी घाई केली, देव जाणे. तेव्हा 'हं' नव्हतं. ते नंतर आलं."

सूनबाई पायरीवर बसली. आठ वर्षं ज्याला ती ताल समजत होती, ती एका बोटाची आठवण होती.

"तुम्ही परत कशा उभ्या राहिलात तिथे?"

"मी नाही उभी राहिले, तर हे पटाशीला हात लावेनात. दोन महिने नुसते भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग मीच म्हटलं, लोकांना सांगू दारात सापडलं. झाकली मूठ. आणि गेले, लाकूड धरलं. बाविसावं वर्ष लागलं तरी दर घावाला पोटात कळ यायची." त्या जराशा हसल्या. "गुडघे? गुडघे माझे उत्तम आहेत गं. मी भीतीनं सोडलं. तू आलीस आणि मी तुला तिथे उभी करून पळाले. आता बोल मला काय बोलायचं ते."

सूनबाईला आणखी एक गोष्ट कळली होती. मामंजींना सगळं ठाऊक होतं. बोट कसं जातं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ते थांबत नव्हते, म्हणजे ते थांबूच शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामंजी चार दिवसांसाठी लेकीकडे गेले. नातीला बघायला, असं म्हणाले. दोघी सासवासुना दारात उभ्या राहून त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.

रस्त्यापलीकडे पंक्चरदादानं एक लोखंडी नळी वाइसमध्ये घातली, दांडा फिरवून आवळली आणि दोन्ही हात सोडून चहाचा ग्लास उचलला. नळी जागच्या जागी. सूनबाई रस्ता ओलांडून कधी गेली, ते तिलाही कळलं नाही.

"काय बघताय, चिमटावहिनी? नळी आहे, साप नाही."

"हे सुटत नाही?"

"एक वेळ माझी बायको मला सोडेल. हे नाही सोडणार."

"लाकडाला चालेल?"

"छे! दात आहेत त्याला. चावून भुगा करेल. लाकडाला लाकडाचाच जबडा हवा. असा उभा, जमिनीपर्यंत. तुमच्या बाकाच्या पायाला लागून एक जाड फळी उभी करायची, मधोमध मोठा स्क्रू. स्क्रू आवळला की फळी आणि पाय, दोघांत लाकूड अडकलं. शिकंजा!" त्यानं चहाचा घोट घेतला. "पण म्हातारा मला जिवंत ठेवणार नाही. त्याच्या दुकानात शिकंजा म्हणजे घरात सवत."

"स्क्रू कुठे मिळेल?"

पंक्चरदादानं तिच्याकडे नीट बघितलं. अंगठ्याकडेही बघितलं असावं. पुढे तो काही गमतीचं बोलला नाही. कोपऱ्यातला गंजका जुना जॅक त्यानं पायानं पुढे ढकलला. "ह्यानं ट्रक उचललेत. ह्यातला आट्यांचा दांडा काढून देतो. त्याच्या चाकीला, म्हणजे नटाला, दोन कान वेल्ड करतो, म्हणजे बाकाच्या पायाला मागून बोल्टनं आवळता येईल. तुम्ही माझ्या दाराची खालची कुजकी फळी तेवढी बदलून द्या."

जबड्यासाठी जुन्या दाराच्या चौकटीचा एक उभा तुकडा होता, कंबरेएवढा उंच, दीड वीत रुंद, लोखंडासारखा जड. पहिला दिवस गिरमिट फिरवण्यात गेला. आधी फळीला भोक, मग त्याच्या समोर बाकाच्या पायाला. पाय तळहाताएवढा जाड होता. सूनबाई घामानं निथळली. सासूबाई समोर उभ्या राहून, एक डोळा मिटून, "वर! आणखी वर! अगं तुझं नाक वर नको, गिरमिट वर!" असं सांगत होत्या. संध्याकाळी दांडा आरपार गेला, मागच्या चाकीत शिरला आणि गुळगुळीत फिरला. दोघींनी टाळ्या वाजवल्या.

मग खुर्चीचा पाय घालून आवळला, आणि तो धपकन खाली पडला.

पुन्हा घातला, पुन्हा पडला. सूनबाई जमिनीवर पालथी झोपून बघायला लागली. वरती लाकूड होतं म्हणून जबडा वरून उघडा राहत होता, पण खाली काहीच नव्हतं. आवळलं की जबड्याचं पाऊल आत यायचं आणि डोकं बाहेर जायचं, दारुड्या भिंतीला टेकतो तसं. खुर्चीचा पाय नुसता खालच्या कडेवर लटकायचा.

"ह्याच्या पायातही काहीतरी द्यायला हवं," सासूबाई म्हणाल्या. "वर जेवढं, खाली तेवढं."

तिनं खाली तेवढ्याच जाडीचा एक तुकडा ठेवून आवळलं. या वेळी दोघींनी मिळून ओढलं तरी खुर्चीचा पाय हलला नाही.

पण दर वेळी तुकडा कोण शोधणार? म्हणून ठरलं, जबड्याच्या पावलात एक चपटी पट्टी पक्की बसवायची. बाकाच्या पायाला तळाशी जुनी फट होती, तिच्यातून ती मागे जाणार. पट्टीला ओळीनं भोकं, भोकात खुंटी. जाड लाकूड असेल तर जबड्याजवळचं भोक सोडून लांबचं. जेवढं लाकूड, तेवढं भोक. खुंटी बाकाच्या पायाला टेकली की पाऊल आत येणार नाही.

पट्टी बसवायची म्हणजे जबड्याच्या पावलात खाच पाडायची. खाच म्हणजे पटाशी.

सूनबाईनं आठ वर्षांत हजारो खाचा पाहिल्या होत्या, पाडली एकही नव्हती. तिनं फळी बाकावर आडवी ठेवली, पटाशी उचलली, मोगरी उचलली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

"हिला धरायला..."

"मी आहे की," सासूबाई म्हणाल्या. आणि त्यांनी नऊ बोटं आणि एक अर्धं बोट रेघेच्या दोन्ही अंगांना ठेवलं.

खोलीत भुशाचा वास होता. सूनबाईनं पटाशी टेकवली. सासूबाईंचं ते आखूड बोट टोकापासून दोन इंचांवर होतं, गोल, गुळगुळीत.

"हं," सूनबाई म्हणाली.

"हं," सासूबाई म्हणाल्या.

मोगरी खाली येईना.

हात वर गेला होता तो वरच राहिला. आणि पटाशी हलायला लागली. डावा हात, तरणाताठा, धडधाकट हात, गवताच्या पात्यासारखा. धरताना तिला वाटायचं की भीती सगळी आपल्याच बाजूला आहे. मोगरीच्या बाजूला उभं राहिल्यावर कळलं, इथे ती दुप्पट होती. धरणाऱ्याला आपली बोटं जाण्याची भीती. मारणाऱ्याला ती आपल्या हातानं जाण्याची.

"हं म्हटलं ना मी!" सासूबाई ओरडल्या. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. "मार गं बाई! जीव गोळा करून उभी आहे मी!"

तिनं मारलं. वेडंवाकडं, पण रेघेच्या आत. मग दुसरा, मग तिसरा. त्या एका खाचेला तीस नाही, दोनशे घाव लागले असतील. झाली तेव्हा दोघीही जमिनीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

चौथ्या दिवशी जबड्याच्या आतल्या अंगाला जुन्या पिशवीचं चामडं चिकटवलं. पंक्चरदादा बघायला आला. सासूबाईंनी त्याला एक पातळ पट्टी शिकंज्यात आवळून दाखवली, "ओढ बघू," म्हणाल्या. त्यानं ओढली, दोन्ही हातांनी ओढली. "वहिनी, ह्याच्यात म्हाताऱ्यालाच घाला," म्हणत तो रस्ता ओलांडतो न ओलांडतो, तोच दारात मामंजी उभे.

पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही. त्यांची नजर बाकाच्या पायापाशी गेली आणि तिथेच राहिली.

"हे काय?"

सूनबाईला पुढचं दिसायला लागलं. आता ते पिशवी फेकतील. आता म्हणतील, चालती हो. किंवा त्याहून वाईट, काहीच म्हणणार नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसतील आणि पुन्हा उठणार नाहीत.

"कुणी केलं?"

"मी," सूनबाई म्हणाली.

ते वाकले. पट्टीच्या खाचेवरून बोट फिरवलं. ओबडधोबड कडा होती. "ही खाच?"

"मीच."

"आणि धरलं कुणी?"

"मी धरलं," सासूबाई म्हणाल्या.

मामंजी सरळ झाले. त्यांनी बायकोच्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"परत?" एवढंच म्हणाले.

सासूबाई भरभर बोलायला लागल्या. "अहो, हिच्या मनगटात कळ येते, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, महिनाभर जोर द्यायचा नाही, म्हणून आम्ही आपलं तात्पुरतं..."

सूनबाईला तो आवाज ओळखीचा वाटला. दारात सापडलं. कुत्रं घेऊन गेलं. उंदरानं खाल्लं. आणखी सव्वीस वर्षं तिला मनगटाची गोष्ट सांगत बसावी लागणार होती.

"नाही आई," ती म्हणाली. "मनगट ठणठणीत आहे. मामंजी, मला भीती वाटते."

"माझी?"

"पटाशीची. सहा महिने झाले." तिचा आवाज फाटला. "मी रोज बोटं मोजते."

मामंजींनी पिशवी खाली ठेवली. बाकापाशी गेले, दांडा उलटा फिरवून पातळ पट्टी काढून टाकली, खुर्चीचा जाड पाय शिकंज्यात घातला आणि दांडा आवळला. जोर लावून, रागानं, दोन्ही हातांनी. मग भिंतीवरची पटाशी काढली. मोगरी उचलली.

सूनबाई तीन पावलांवर उभी होती. रिकामे हात कुठे ठेवायचे ते तिला सुचेना. आठ वर्षांत पहिल्यांदाच ती बाकाच्या बाहेरून बघत होती, आणि म्हणून तिला सगळं दिसलं. टोक हलत होतं. मामंजींचा डावा हात लाकडाच्या अगदी वर होता. आणि खाली, जमिनीजवळ, खुंटी अजून पातळ लाकडासाठीच्याच भोकात होती. जबड्याचं डोकं बाहेर कललं होतं. खुर्चीचा पाय नुसता खालच्या कडेवर लटकत होता. घाव बसला की तो सटकणार, पटाशी उडणार, आणि जाणार कुठे? ज्या हातानं ती धरली आहे, त्या हातात.

मामंजींनी मोगरी वर नेली.

"हं," ते म्हणाले.

सवयीनं म्हणाले, लाकडाच्या जबड्याला. आणि थांबले.

'थांबा' म्हणावं तर दचकून हात सुटेल. पुढे जावं तर मोगरी डोक्यावर आहे. तिला फक्त गप्प बसता येत होतं. तिनं दातांत ओठ धरला आणि 'हं' म्हटलं नाही.

मोगरी हवेत होती. त्या दिवशी ती आवाजाआधी खाली आली होती. आज मामंजींच्या मनगटाच्या शिरा टरारून फुगल्या, कपाळावर घाम फुटला, डावा हात पानासारखा थरथरत होता. तरी ते थांबले. कुणाच्या तरी 'हं'साठी.

"नको," सूनबाई हळूच म्हणाली. "खुंटी चुकली आहे."

मोगरी हळूहळू खाली आली आणि बाकावर टेकली. मामंजींनी खुर्चीच्या पायाला बोटानं नुसतं ढकललं. तो सटकला आणि त्यांच्या चपलेवर पडला. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे.

ती गुडघ्यावर बसली. खुंटी उपसली, दोन भोकं सोडून तिसऱ्यात घातली. लाकूड बसवलं, दांडा आवळला. तीन पावलं मागे झाली.

मामंजींनी पटाशी टेकवली. रेघेच्या उजवीकडे, बोटाच्या नखाएवढी बाहेर. "हं."

"जरा डावीकडे," ती म्हणाली.

आजपर्यंत या दुकानात मामंजींना कुणी डावं-उजवं सांगितलं नव्हतं. मामंजींचा जबडा घट्ट आवळला गेला. पटाशी डावीकडे सरकली.

"हं."

"अजून थोडं. हललं. थांबा." ती टोकाकडे बघत होती, पापणी न हलवता. टोक आत आलं, बाहेर गेलं, आत आलं. "हं."

ठक.

रेघेवर.

त्या संध्याकाळी एकच खाच झाली. एका एका घावाला टोक जागेवर यायची वाट बघायची, मग म्हणायचं. सूनबाईच्या पोटातला गोळा गेला नाही, फक्त त्याची जागा बदलली. आता तिची बोटं मोकळी होती आणि लाकडाजवळ फक्त त्यांचा हात होता. अजून शंभरावर खाचा बाकी होत्या आणि दर घावाला 'हं' तिला म्हणायचं होतं.

कुलूप लावायची वेळ झाली तेव्हा मामंजी म्हणाले, "बोटं दाखव."

तिनं दोन्ही हात पुढे केले. त्यांनी हात लावला नाही, नुसते ओठ हलवत मोजले. शेवटच्या बोटापाशी जरा थांबले आणि मान हलवली. मग वाकून शिकंज्याच्या पायातली खुंटी ओढून बघितली.

"हिला सुतळी बांध उद्या," ते म्हणाले. "हरवली, तर परत कोणीतरी धरायला उभं राहील."